आहुप्याची राई, अथेन्सचा कायदा

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घोड नदीच्या उगमापाशी, सह्याद्रीचा माथा एकाएकी संपतो. कड्याखाली मुरबाडचा मुलूख. आहुपे घाट उतरला की कोकण लागतं. या माथ्यावर आहुपे हे महादेव कोळ्यांचं गाव आहे आणि गावाला भैरवनाथाची देवराई आहे. राईत झाडी इतकी दाट की भर दुपारीही आत डोळे सरावायला वेळ लागतो. वेली जुन्या आणि जाड, पायाखाली पालापाचोळ्याचा थर, मोडून पडलेली फांदी पडल्या जागीच कुजत असलेली. देवाच्या राईतलं वाळकं लाकूडही चुलीपाशी न्यायचं नाही, हा सह्याद्रीतल्या रायांचा जुना रिवाज. कोळसा, रेल्वेचे स्लीपर आणि इमारती लाकूड यांसाठी इथलं जंगल गेली दीडशे वर्षं तुटत आलं. राया मात्र पुष्कळ ठिकाणी टिकल्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हापासून हे मूळ जंगलाचे उरलेले तुकडे आहेत ही गोष्ट शास्त्राच्या दरबारीही मान्य झाली. पण त्यांना राखलं कोणी? देवाच्या धाकाने, गावाच्या सवयीने, की सरकारी कायद्याने? १९८५ पासून हा परिसर भीमाशंकर अभयारण्यात आहे, आणि म्हणून तिसरं उत्तर देणारेही कमी नाहीत.

हा प्रश्न ग्रीकांनी अडीच हजार वर्षांपूर्वी जितक्या खोलात जाऊन विचारला तितका क्वचितच कोणी विचारला असेल: माणसं कायदा पाळतात ती का पाळतात, आणि चांगलं राज्य चांगल्या कायद्यामुळे होतं की चांगल्या माणसांमुळे? ग्रीक इथे अगदीच परके नाहीत. शेजारच्या जुन्नरात, शिवनेरी आणि मानमोडीच्या लेण्यांत, इरिल, चिट आणि चंद या तीन यवनांच्या दानांचे लेख आहेत. एकाने पाण्याच्या दोन पोढ्या दिल्या, दुसऱ्याने भोजनमंडप, तिसऱ्याने लेण्याचं द्वार. त्याच जुन्नरच्या लेखांत कारागिरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या श्रेणी भेटतात, त्यांच्याकडे कायमच्या ठेवी सोपवलेल्या दिसतात, आणि एका लेखात करंजाच्या झाडांशी २० आणि वडाशी ९ निवर्तनं जमीन जोडलेली आढळते. झाड, जमीन आणि ती सांभाळणारी माणसांची संघटना यांचा व्यवहार या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वीही दगडावर कोरून ठेवावा इतका महत्त्वाचा होता. म्हणून हा वाद मी दोन बाजूंच्या तोंडून मांडतो. एक आहेत वकीलसाहेब, घोडेगावच्या कोर्टात उमेदीची वर्षं घालवलेले, लेखी कायद्याशिवाय कशावर भरवसा न ठेवणारे. दुसरे गुरुजी, पश्चिम पट्ट्यातल्या शाळांत शिकवून निवृत्त झालेले. दोघेही कल्पित आहेत; त्यांचे युक्तिवाद मात्र आजही ग्रामसभेत, तहसील कचेरीत आणि वनखात्याच्या बैठकीत ऐकू येतात. माझा कल कुठे आहे तेही मी लपवणार नाही.

वकीलसाहेब: गुरुजी, तुम्ही रिवाजाचं कौतुक करता, पण रिवाज म्हणजे शेवटी कोणाची तरी आठवण, आणि आठवण ज्याच्या हातात सत्ता त्याच्या बाजूने वळते. अथेन्सने हे भोगून ओळखलं होतं. इसवीसनपूर्व ५९४ मध्ये सोलोनने कायदे लाकडी फळ्यांवर लिहून सगळ्यांना दिसतील असे मांडले, ते कशासाठी? कायदा कोणाच्या पोटात दडून राहू नये म्हणून. पुढे तीस जुलमी राज्यकर्त्यांचा अंमल उलटल्यावर, इसवीसनपूर्व ४०३ मध्ये, अथेन्सने ठरवलं की कोणत्याही अधिकाऱ्याने कुठल्याही बाबतीत अलिखित कायदा वापरायचा नाही. रक्त सांडल्यानंतर आलेलं शहाणपण आहे ते. आता आपल्याकडे बघा. राईतलं झाड तोडायचं तर देवाला कौल लावतात. कौल लावणार कोण? दोन-चार घरं. मंदिराचा जीर्णोद्धार करायचा, सिमेंटचा सभामंडप बांधायचा, पैसा नाही, मग राईतली चार मोठी झाडं ठेकेदाराला द्यायची आणि कौलही मिळायचा. सह्याद्रीत कितीतरी राया अशा देवाच्याच नावाने गेल्या. धाक पिढीगणिक उतरत जातो. रस्ता आला, मोबाईल आला, पोरं मंचर-पुण्याला कामाला गेली की भैरवनाथाचा दरारा किती उरणार? धाक संपेल त्या दिवशी उभा राहील असा कायदा आज हाताशी हवा. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि अभयारण्याची हद्द हा तो कायदा आहे.

गुरुजी: वकीलसाहेब, तुम्ही अथेन्स काढलंत तर अथेन्सच्याच झाडांकडे बघू. अ‍ॅटिकाच्या शेतांत अथीना देवीची म्हणून मानलेली ऑलिव्हची झाडं होती. जमीन खाजगी असली तरी झाड देवीचं आणि म्हणून नगराचं. त्याचं तेल अथीनेच्या उत्सवातल्या खेळांत जिंकणाऱ्यांना बक्षीस म्हणून मिळे. हे झाड तोडणाऱ्याचा खटला अरेओपॅगस या सर्वांत जुन्या न्यायसभेपुढे चाले आणि गुन्हा शाबीत झाला तर शिक्षा देहान्ताची. यापेक्षा कडक वनकायदा तुम्हाला कुठे सापडेल? आता लिसिअसने एका आरोपीसाठी लिहिलेलं भाषण बघा, इसवीसनपूर्व चौथ्या शतकाच्या सुरुवातीचं. आरोप असा की यानं आपल्या शेतातल्या देवीच्या झाडाचा बुंधा उखडून टाकला. बचाव काय? माझ्या शेताला कुंपण नाही, चहूबाजूंनी शेजारी आहेत, वाटसरू आहेत, सगळ्यांना सगळं दिसतं. शिवाय न्यायसभेचे लोक महिन्यामहिन्याला लक्ष ठेवतात आणि दरवर्षी तपासनीस येतात. इतक्या डोळ्यांदेखत हे कोण करील? म्हणजे त्या काळात कायद्याचं बळ शिक्षेत जेवढं होतं, तेवढंच किंवा जास्त शेजाऱ्यांच्या नजरेत होतं. मग सत्तरएक वर्षांनी अ‍ॅरिस्टॉटलच्या शाळेत अथेन्सच्या राज्यघटनेचा वृत्तान्त लिहिला गेला, त्यात एक साधं वाक्य येतं. त्याचा आशय असा: पूर्वी नगर या झाडांची फळं विकत असे आणि तोडणाऱ्याला देहान्त होई; आता तेल जमीनमालकाकडून ठरल्या मापाने वसूल होतं, तेव्हापासून कायदा आहे पण खटला बंद पडला. मापाने तेल आलं की झालं, झाड उभं आहे की नाही हे बघायचं कोणाला कारण उरलं नाही. कायदा एका अक्षराने बदलला नव्हता, वकीलसाहेब. राखण्याचं काम माणसांच्या हातून गेलं आणि कायदा रिकामा झाला.

इथे थोडं थांबून माझं म्हणणं सांगतो, कारण या एका उदाहरणावर माझा सगळा युक्तिवाद उभा आहे. कायदा पाळला जातो तो तो राखण्यात ज्यांचा हात असतो त्यांच्याकडून. अ‍ॅरिस्टॉटलने ‘राजनीती’च्या दुसऱ्या भागात म्हटलं आहे की कायद्याला पाळून घेण्याची ताकद सवयीखेरीज दुसरीकडून मिळत नाही, आणि सवय मुरायला काळ लागतो, म्हणून क्षुल्लक फायद्यासाठी कायदे सारखे बदलू नयेत. त्याच्या नीतिशास्त्रातला सिद्धान्तही याच्याशी जुळणारा: न्यायाची कृत्यं करूनच माणूस न्यायी होतो, आणि चांगला कायदेकर्ता नागरिकांना सवय लावून चांगलं करतो. सद्गुण ऐकून येत नाही, करून येतो. हे खरं असेल तर ज्या व्यवस्थेत गावाने काही करायचंच नाही, फक्त मनाई पाळायची, त्या व्यवस्थेत सद्गुण वाढायला जागाच नाही. आहुप्याच्या राईकडे मी या नजरेने बघतो. फांदी न उचलण्याची, आत कुऱ्हाड न नेण्याची, देवाच्या कामाखेरीज हात न लावण्याची शिस्त तिथे घराघरातून, लहानपणापासून, कोणी पहाऱ्यावर नसताना पाळली गेली. अथेन्सजवळच्या अपोलोच्या एका देवस्थानात याच्याशी अगदी मिळतंजुळतं फर्मान सापडलं आहे: आतलं लाकूड तोडायचं नाही, वाळक्या काटक्या आणि गळलेली पानंसुद्धा न्यायची नाहीत, गुलामाने नेली तर ५० फटके, स्वतंत्र माणसाने नेली तर ५० द्राख्मा दंड. पण तिथेही पुजाऱ्याला दंडाचा आकडा दगडावर कोरावा लागला, याचा अर्थ कोणीतरी पानं नेत होतं. या खुणेवर वकीलसाहेब बोट ठेवतील हे उघड आहे.

वकीलसाहेब: ठेवणारच. आणि अ‍ॅरिस्टॉटल तुमचा एकट्याचा नाही. जे सगळ्यांचं असतं त्याची काळजी सर्वांत कमी घेतली जाते, हेही त्यानेच लिहिलं आहे, आणि तेही त्याच दुसऱ्या भागात. राईच्या वेशीबाहेर काय झालं ते सांगा ना. राईतली फांदी न उचलणारं तेच गाव बाहेरच्या झाडांचे शेंडे राबासाठी छाटत होतं, भाताचं रोप करायला राब भाजत होतं. बाहेरचा डोंगर कोळशाच्या भट्ट्यांनी संपला तेव्हा तुमची ती सवय कुठे गेली होती? म्हणजे राईत जे होतं ते सद्गुण नव्हतं, भीती होती. भैरवनाथ कोपेल, गुरं मरतील, घरात दुखणं येईल. भीतीने केलेल्या कामाला सद्गुण म्हणायचं असेल तर माझ्या कायद्याचा तुरुंगही तेवढाच सद्गुणी आहे. शिवाय माझ्या कायद्याची भीती कोणालाही समान लागते, तुमच्या देवाची फक्त भक्ताला. ठेकेदार बाहेरचा, त्याला भैरवनाथाचं काय?

गुरुजी: प्रश्न योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. आधी ‘सगळ्यांचं ते कोणाचंच नाही’ हे घ्या. अ‍ॅरिस्टॉटल ते प्लेटोच्या आदर्श नगराविरुद्ध बोलत होता, जिथे बायका-मुलं आणि मालमत्ता सगळं एकत्र. त्याचा रोख मोकाट सामायिकपणावर आहे. राई मोकाट नव्हती. ती अमुक गावाची, अमुक देवाची, तिची हद्द ठरलेली, तिथे कोणी काय करायचं नाही हे ठरलेलं, मोडणाऱ्याला गावापुढे उभं राहावं लागणारं. अशा बांधलेल्या सामायिक मालकीचा जगभरचा अभ्यास एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये ग्रंथरूपाने मांडला आणि त्याबद्दल त्यांना २००९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी दाखवलं की जिथे हद्द स्पष्ट असते, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतात आणि देखरेखही त्यांचीच असते, तिथे सामायिक गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. आता राईबाहेरचं. बाहेरचं रान गावाचं राहिलंच कुठे होतं? १८७८च्या वनकायद्याने आणि पुढे १९२७च्या कायद्याने ते सरकारचं झालं. गावाचे हक्क गेले आणि सवलती उरल्या. सवलत कधीही काढून घेता येते, म्हणून माणूस ती आजच्या आज वापरून घेतो. राब छाटणं ही शेतीची गरज होती, ती मी नाकारत नाही; पण झाड कापून संपवणं आणि फांदी छाटून पुढच्या वर्षासाठी राखणं यात फरक आहे, आणि तो फरक ज्याला पुढच्या वर्षी तिथेच यायचं आहे त्यालाच कळतो. राहिली भीती. सवयीची सुरुवात भीतीने झाली तर बिघडलं कुठे? लहान मूल आधी धाकानेच खरं बोलतं. पाहायचं ते एवढंच की धाक ओसरल्यावर सवय टिकते का. ती टिकायची तर त्या माणसाला काम आणि मान दोन्ही द्यावे लागतात.

वकीलसाहेब: आणि ज्ञान? ते कोण देणार? शेकरू कुठल्या झाडावर घरटं करतं, वणव्यानंतर कुठली झाडं परत फुटतात, कुठल्या चराईने कोवळी रोपं संपतात, हे मोजून सांगणारं शास्त्र आहे. प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये जहाजाचं उदाहरण दिलं. खलाशी सुकाणूसाठी भांडतात, कोणालाही जहाज हाकता येतं असं म्हणतात, आणि ज्याला तारे आणि वारे कळतात त्याला निरुपयोगी ठरवतात. ग्रामसभेने बहुमताने ठरवलं म्हणून शेकरूची गरज बदलत नाही, गुरुजी.

गुरुजी: नाही बदलत. पण प्लेटोलाही अॅरिस्टॉटलने उत्तर दिलं आहे. घर बांधतो तो गवंडी, पण घर चांगलं झालं की नाही हे त्यात राहणारा जास्त जाणतो. जेवणाची पारख आचाऱ्यापेक्षा जेवणाऱ्याला. हिरडा कधी धरतो, बाळहिरडा कधी झोडायचा, कोणत्या वर्षी झाडाला विश्रांती द्यायची, हे ज्या बाईने आयुष्यभर हिरडा वेचला तिला तुमच्या अहवालाआधी माहीत असतं. तज्ज्ञ हवाच; त्याने सांगावं, समजावावं. निर्णय मात्र ज्यांना परिणाम भोगायचा आहे त्यांचा असावा. प्रोटागोरसची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. माणसं एकमेकांना मारायला उठली तेव्हा झ्यूसने हर्मीसबरोबर लाज आणि न्याय पाठवले. हर्मीसने विचारलं, वैद्यकी जशी एकाला दिली की अनेकांना पुरते, तसं हे मोजक्यांना देऊ की सगळ्यांना? झ्यूस म्हणाला, सगळ्यांना. कारण याचा वाटा थोड्यांनाच मिळाला तर नगरं टिकणार नाहीत. वैद्य एखादा चालतो, गुरुजी एखादा चालतो. न्यायबुद्धी मात्र घरटी लागते.

या ठिकाणी मला प्लेटोच्या बाजूनेही एक शब्द टाकावासा वाटतो, कारण त्याला केवळ तज्ज्ञराजाचा कैवारी ठरवणं अन्यायाचं आहे. म्हातारपणी त्याने ‘लॉज’ लिहिलं. त्यात तीन वृद्ध, एक अथेन्सचा, एक क्रीटचा, एक स्पार्टाचा, क्नोसॉसहून झ्यूसच्या गुहेकडे दिवसभर चालत निघालेले आहेत, वाटेत देवाच्या उंच झाडांच्या सावलीत थांबत कायद्यांची चर्चा करतात. तिथे तो दोन प्रकारच्या वैद्यांचा दाखला देतो. गुलामांना तपासणारा गुलाम वैद्य काही विचारत नाही, काही सांगत नाही, हुकूम सोडून पुढच्या रोग्याकडे जातो. स्वतंत्र माणसांचा वैद्य रोग्याशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलतो, स्वतः शिकतो, रोग्याला समजावतो, आणि त्याला पटल्याशिवाय औषध देत नाही. म्हणून प्रत्येक कायद्याला आरंभी कारणं सांगणारी प्रस्तावना हवी, असं प्लेटोचं म्हणणं. आपल्याकडे याचं उत्तम उदाहरण रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. आरमारासाठी लाकूड लागतं, ते हुजूरच्या परवानगीने तोडावं. पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, असा तो हुकूम. आणि तो नुसता हुकूम नाही. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पारावार राहत नाही, असं कारण त्यात दिलेलं आहे. अगदी जुनं झाड असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. तीन शतकांपूर्वीच्या राज्यकर्त्याला आपल्या अंमलदाराला कारण समजावणं गरजेचं वाटलं. अभयारण्याच्या पाट्यांवर मनाया आणि कलमं असतात, कारण नसतं. ज्या माणसाच्या आजोबाने ती राई राखली त्याच्याशी कायदा इथे गुलाम वैद्यासारखा बोलतो, आणि हे मला मनापासून खटकतं.

वकीलसाहेब: तुमचं अथेन्स लोकशाहीचं, पण सभेत बायका नव्हत्या, गुलाम नव्हते, बाहेरून येऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले परदेशी नव्हते. गावाची जुनी बैठकही तशीच. कित्येक रायांत बाईला पाऊल ठेवायला बंदी. हिरडा वेचणारी बाई तुम्ही मघाशी तज्ज्ञ म्हणून पुढे केलीत, पण तुमच्या रिवाजाने तिला निर्णयात कधी घेतलं? तिला सभेत बसवलं ते लेखी कायद्याने. वनहक्क कायदा २००६चा. २०१२च्या दुरुस्तीनंतर त्याच्या नियमांत ग्रामसभेला किमान निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया लागतात. हे भैरवनाथाने नाही केलं, संसदेने आणि सरकारने केलं.

गुरुजी: हे मला पूर्ण मान्य आहे, आणि इथे रिवाजाची बाजू मांडायला मी उभा राहणार नाही. पण वकीलसाहेब, तुम्ही घेतलेलं उदाहरण नीट बघा. त्या कायद्याने निर्णय गावाकडून काढून घेतला नाही. निर्णयाची खोली उघडली आणि ज्यांना बाहेर बसवलं होतं त्यांना आत आणलं. लेखी कायद्याचं सर्वांत मोठं काम मला हेच वाटतं. १९९६चा पेसा कायदाही तसाच. अनुसूचित क्षेत्रातली ग्रामसभा आपल्या परंपरा, सामूहिक साधनसंपत्ती आणि तंटे मिटवण्याची रीत राखायला समर्थ आहे, असं त्यात म्हटलं. महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये आले. आंबेगाव आणि जुन्नरचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. वनहक्क कायदा अभयारण्यातही लागू होतो आणि त्याचं पाचवं कलम जंगल, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेला देतं. म्हणजे आज सरकारने आणि गावाने एकमेकांविरुद्ध उभं राहण्याचं कारण कायद्याच्या पुस्तकात नाही. ते कारण व्यवहारात आहे.

व्यवहाराचा दाखला महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. अभ्यासगट बसतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावून ऐकलं जातं, मग सभा ठरवते. तरीही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडलं, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्र्याला गावात यावं लागलं. कायदा हाती आल्यानंतरही एवढा काळ, एवढी खटपट. मेंढ्याच्या लोकांना हे जमलं याचं कारण मला त्या हक्काच्या कागदाआधीच्या वीसेक वर्षांत दिसतं. सभेत बसायची, दुसऱ्याचं ऐकून घ्यायची, हिशेब मांडायची सवय त्यांनी आधी लावून घेतली होती. अॅरिस्टॉटलला यात नवल वाटलं नसतं. आंबेगावातही या सवयीच्या खुणा आहेत. डिंभे धरणात जमिनी गेलेल्या आदिवासींनी संघटित होऊन जलाशयातल्या मासेमारीचा आणि पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीचा प्रश्न वर्षानुवर्षं लढवला. त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूचं नाव आहे. महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला. सॉक्रेटिसने तुरुंगातून पळायचं नाकारलं आणि बाबू गेनूने रस्त्यातून उठायचं नाकारलं. एकाने आपल्या नगराचा कायदा पाळला, दुसऱ्याने परक्या सत्तेचा मोडला. पण किंमत दोघांनीही स्वतः मोजली, दुसऱ्यावर ढकलली नाही. अलिखित न्यायबुद्धीला लेखी कायद्याविरुद्ध उभं राहायचं असेल तर तिची खरी परीक्षा मला यात दिसते.

वकीलसाहेब: ठेकेदाराचं काय, ते अजून राहिलंच. उद्या ग्रामसभेला अधिकार मिळाला आणि कोणी सरपंचाच्या घरी पाकीट ठेवलं, तर?

गुरुजी: तर अथेन्सकडून आणखी एक गोष्ट घ्या, आणि ही तुमच्या बाजूची आहे. तिथे प्रत्येक अधिकाऱ्याला मुदत संपली की हिशेब द्यावा लागे. चिठ्ठी टाकून निवडलेले दहा हिशेबनीस पैशाचा तपास करत, आणि त्यानंतर कोणीही नागरिक उठून तक्रार गुदरू शकत असे. हिशेब पुरा होईपर्यंत त्या माणसाला नगर सोडून जाता येत नसे. माणसं सद्गुणी आहेत असं गृहीत धरून त्यांनी ही सोय केली नव्हती, आणि माणसं चोर आहेत असंही धरलं नव्हतं. काम द्यायचं, विश्वासाने द्यायचं, आणि उघड्यावर हिशेब मागायचा. राईच्या बाबतीत हेच हवं. पडलेलं झाड, मंदिराच्या दुरुस्तीला लागलेलं लाकूड, विकलेला हिरडा, वणवा विझवायला गेलेली माणसं, सगळं वहीत. वही मंदिरात नको, शाळेत ठेवा, म्हणजे बायकांना आणि पोरांना वाचता येईल.

वकीलसाहेब: आता तुम्ही माझ्या भाषेत बोलायला लागलात. लिहिण्याचं मोल या डोंगराला ३ जून २०२० नंतर पुन्हा कळलं. निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याचा बहार गेला, आदिवासींचं वर्षाचं रोख उत्पन्न गेलं, पंचनामे झाले, आणि भरपाईसाठी मात्र वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली. सरकारी यादीत जे पीक म्हणून ठळक नाही त्याचं नुकसान सरकारला दिसत नाही. रिवाज कितीही जुना असो, कचेरीला कागद दिसतो.

गुरुजी: मग दोन्ही लिहू. झाडांची नोंद गावाने करायची, आणि ती सरकारने मानायची.

दोघांचं इतकं जमलं तरी एक मुद्दा राहतो, आणि तो मिटला असं दाखवणं खोटं होईल. गावाचा निर्णय थांबवण्याचा अधिकार गावाबाहेर कोणाकडे असावा की नसावा? वकीलसाहेबांचं उत्तर आहे, असावा. कारण गावात चूक झाली तर तोडलेलं झाड परत उभं राहत नाही आणि बाहेरच्या नजरेशिवाय गावातल्या दुबळ्याला दाद नाही. गुरुजींचं उत्तर आहे, असला तर चालेल, पण थांबवणाऱ्याने सभेत येऊन, कारण लिहून, मराठीत समजावून थांबवावं, आणि ठरल्या मुदतीत कारण आलं नाही तर गावाचा निर्णय उभा राहावा. मला गुरुजींची अट बरोबर वाटते. वकीलसाहेबांची धास्तीही मी गंभीर मानतो, म्हणून त्यात एक भर घालीन: राईतलं उभं झाड तोडण्याच्या निर्णयाला ही मुदतीची सवलत नसावी. तिथे दोन्हीकडची संमती आल्याशिवाय कुऱ्हाड लागू नये, आणि सभेत ज्यांनी विरोध केला त्यांची नावं त्यांच्या कारणांसह वहीत उतरावीत. वकीलसाहेब या अटीला तयार होतील. गुरुजी आधी विचारतील की वनखात्याने राईतून रस्ता काढायचं ठरवलं तर त्यालाही गावाची संमती लागणार ना. लागली पाहिजे.